लोक घाबरतील म्हणून...

मॅड काऊ रोगाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला म्हणतो, "बरं झालं, खा अजून गाय!" दुसरा आपल्यातलाच, डेटावाला. तो मोबाईलवर दोन मिनिटं शोधाशोध करतो आणि जाहीर करतो, "अरे, ब्रिटनमध्ये एकूण माणसं मेली किती? १७८. आपल्याकडे रस्त्यावर एका दिवसात त्याच्या दुप्पट मरतात. तेवढ्यासाठी लाखो गाई मारल्या? मीडियाने बागुलबुवा उभा केला आणि लोक पॅनिक झाले, बाकी काही नाही."

पहिल्याकडे नंतर येतो. माझं खरं भांडण दुसऱ्याशी आहे, कारण तो हुशार आहे, आकडा बरोबर सांगतो आणि निष्कर्ष मात्र साफ उलटा काढतो. ब्रिटनमधल्या गोठ्यांचं वाटोळं लोक घाबरल्यामुळे झालं असं त्याला वाटतं. माझं म्हणणं असं की "लोक घाबरतील हां, जपून बोला" या एका वाक्यावर दहा वर्षं जो कारभार चालला, त्याने ते झालं.

आधी भानगड काय होती ते थोडक्यात. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत एक नवा रोग ओळखला गेला. गाय बुजते, लाथा झाडते, तोल जाऊन पडते आणि मरते. मेंदू कापून पाहिला तर स्पंजासारखी चाळण झालेली. नाव ठेवलं बोवाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी, बीएसई. वर्षभरात संशय खाद्यावर आला. दुभत्या गाईच्या आंबोणात प्रथिनं लागतात. आपल्याकडे सरकीची नाहीतर शेंगदाण्याची पेंड घालतात. तिकडे त्याला स्वस्त पर्याय होता: कत्तलखान्यात उरलेली हाडं, आतडी, मेंदू हे सगळं शिजवून, चरबी काढून, वाळवून केलेली पूड. म्हणजे गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच भाऊबंदांचं मांस. आणि गंमत (कसली गंमत!) अशी की पोत्यात हे आहे हे कित्येक शेतकऱ्यांना ठाऊकच नव्हतं. तो बिचारा दुकानातून खुराक आणत होता, जसा आपला शेतकरी सुग्रासचं पोतं आणतो.

रोगाचं कारण ना व्हायरस, ना बॅक्टेरिया. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं एक प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही तशीच घडी पाडत जातं. त्यात जीवच नाही, त्यामुळे शिजवून-उकळून मरायचा प्रश्नच नाही. (या कल्पनेबद्दल स्टॅनली प्रुसिनरना १९९७ चं नोबेल मिळालं. त्याआधी बरीच वर्षं लोक त्यांना हसत होते.) एका रोगट गाईची पूड शेकडो गाईंच्या दावणीत, त्यांची पूड आणखी हजारोंच्या. बाहेर पडायची अटच न लिहिलेलं रिकर्शन म्हणा ना!

आता कारभार बघा. जुलै १९८८ मध्ये सरकारने गाई-मेंढ्यांना ही पूड घालायला बंदी केली. उत्तम. पण घोषणा आणि अंमल यांत पाच आठवडे ठेवले, खाद्यवाल्यांचा साठा संपावा म्हणून! बग सापडलाय, ब्लॉकर आहे, पण आधी गोडाऊनमधला माल खपवू, मग फिक्स टाकू. डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती पूड चालूच होती आणि गिरणी तीच. डुकरांचं खाद्य काढल्यावर त्याच यंत्रातून गाईचं खाद्य काढायचं. एवढ्याशा भेसळीने काय होतंय? पुढे प्रयोगात दिसलं की रोगट मेंदूचा एक ग्रॅमसुद्धा पोटात गेला तरी गाईला रोग व्हायला पुरतो. बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून जास्त गाईंना रोग झाला. स्वतःच्या देशात गाईला घालायला बंदी असलेला हा माल त्यानंतरही बाहेरच्या देशांना विकला जात होता, हे वाचलं तेव्हा मी ते पान बंद करून चहा प्यायला गेलो.

नुकसानभरपाईचा नियम तर नमुनेदार. ऑगस्ट १९८८ पासून संशयित गाय सरकार ताब्यात घेऊन मारायचं. तपासणीत रोग निघाला तर शेतकऱ्याला निम्मी किंमत, निघाला नाही तर पूर्ण. आता तुम्ही शेतकरी आहात. गाय जरा बुजल्यासारखी करतेय. तुम्ही फोन करणार की उद्याच्या बाजारात नेणार? सगळ्यांनी बाजारात नेली असं मी म्हणत नाही. पण खरं बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला पूर्ण दाम, अशी सिस्टीम डिझाइन करणाऱ्याला आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये फाडून खाल्लं असतं. भरपाई पूर्ण करायला फेब्रुवारी १९९० उजाडला. जानेवारी १९९३ मध्ये आठवड्याला सुमारे हजार नव्या केसेस येत होत्या. एकूण आकडा १ लाख ८० हजारांच्या वर गेला.

हे झालं गोठ्यातलं. ताटातलं त्याहून वाईट.

सरकारने साउथवूड नावाच्या प्राध्यापकांची समिती नेमली होती. फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात तिने म्हटलं की माणसाला धोका असण्याची शक्यता फारच कमी. पण त्याच अहवालात असंही होतं की आमचा हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. ज्याने कधी टेस्ट रिपोर्ट लिहिलाय त्याला पुढचं सांगायलाच नको. रिपोर्टमध्ये चार अटी असतात, मॅनेजरच्या स्लाइडवर एक हिरवा टिळा असतो आणि क्लायंटच्या कानावर फक्त "ऑल गुड" जातं. पहिलं वाक्य पुढे सात वर्षं मंत्र्यांच्या तोंडी फिरत राहिलं. दुसरं कुणी उच्चारेना.

नोव्हेंबर १९८९ मध्ये मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा वगैरे अवयव माणसाच्या खाण्यातून काढून टाकायचा नियम झाला. हा नियम फार मोलाचा होता, त्याने पुढे असंख्य जीव वाचले असणार. पण तो जाहीर करताना सूर असा की ही आपली जादाची खबरदारी हो, खरं तर गरज नाही. मग कत्तलखान्यातला माणूस तो नियम जिवावर उदार होऊन का पाळेल? १९९५ मध्ये तपासनीस न सांगता जाऊन धडकले तेव्हा बऱ्याच ठिकाणी नियम नीट पाळलाच जात नव्हता, आणि काही धडांना मज्जारज्जूचे तुकडे तसेच चिकटलेले होते. मणक्याला उरलेलं मांस यंत्राने खरवडून काढायचं आणि ते स्वस्त बर्गरात जायचं. त्याला बंदी आली डिसेंबर १९९५ मध्ये.

मधल्या काळात मे १९९० मध्ये ब्रिटनमधल्या एका मांजराला असाच रोग झाल्याचं जाहीर झालं. लोक हादरले, कारण मांजराला झाला तर माणसाला का नाही? त्यावर कृषिमंत्री जॉन गमर यांनी काय करावं? त्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला. यूट्यूबवर आहे, बघा. मला या माणसाचा राग येतो असंही नाही. त्यांना खरंच वाटत असणार की धोका नाही. पण "मला वाटतं" हे टेस्ट रिझल्ट म्हणून दाखवायचं असतं का?

मे १९९५ मध्ये १९ वर्षांचा एक मुलगा गेला. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा रोग सहसा म्हाताऱ्यांना होतो, याला कोवळ्या वयात झाला. मग तशी आणखी तरुण मुलं सापडू लागली. २० मार्च १९९६ ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की दहा रुग्ण सापडलेत आणि कारण बहुधा बीएसईच आहे. आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश बीफवर जगभरासाठी निर्यातबंदी घातली. तीस महिन्यांवरचं एकही जनावर माणसाच्या खाण्यात जाणार नाही असा नियम झाला, तो नोव्हेंबर २००५ पर्यंत टिकला. ४० लाखांहून जास्त जनावरं मारून जाळली, पुरली. त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं. निर्यात नीट सुरू व्हायला २००६ चा मे उजाडला.

तर डेटावाल्या मित्रा, १७८ हा आकडा बरोबर आहे. पण ४० लाख गाई १७८ माणसांसाठी मेल्या नाहीत. मार्च १९९६ मध्ये पुढे १७८ होणार की दीड लाख हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण रोग शरीरात किती वर्षं झोपून राहतो हेच माहीत नव्हतं. आणि सरकार सांगेल त्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलं नव्हतं. १९८९ मध्येच "आम्हाला नक्की माहीत नाही, पण हे हे अवयव खाऊ नका, आणि आम्ही कत्तलखाने रोज तपासणार आहोत" असं सरळ सांगितलं असतं तर बीफचा खप काही दिवस पडला असता. पडू दे की! खप परत वर येतो. विश्वासाचं तसं होत नाही. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर २००० मध्ये १६ खंडांचा अहवाल दिला, त्याचं सारही जवळपास हेच: सरकार मुद्दाम खोटं बोललं नाही, पण लोक जास्त घाबरू नयेत याच काळजीत राहिलं, आणि म्हणूनच शेवटी लोकांना दगा झाल्यासारखं वाटलं.

मला यात सगळ्यात बोलकं वाटतं ते खात्याचं नाव. कृषी, मत्स्य आणि अन्न मंत्रालय. शेतकऱ्याचा माल खपवायचा तोही यांनीच आणि तो माल खाणाऱ्याचं रक्षण करायचं तेही यांनीच. डेव्हलपर आणि टेस्टर एकच माणूस, आणि त्याचं अप्रेझल रिलीज वेळेवर गेलं की नाही यावर! २००० मध्ये ब्रिटनने वेगळी अन्न मानक संस्था काढली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ते मंत्रालयच मोडीत काढलं. शहाणपण आलं, पण केवढ्याला पडलं.

बाकीच्यांनी यातून काही शिकावं की नाही? जर्मनी नोव्हेंबर २००० पर्यंत "आमच्याकडे नाहीच" म्हणत होता. मग सापडला, खप धाडकन पडला आणि जानेवारी २००१ मध्ये दोन मंत्र्यांना घरी जावं लागलं. कॅनडात मे २००३ मध्ये एक, फक्त एक गाय सापडली आणि अमेरिकेने सीमा बंद केली. जिवंत जनावरांना ती उघडायला जुलै २००५ आला. अल्बर्टातले पशुपालक अक्षरशः झोपले. तिथला मुख्यमंत्री राल्फ क्लाइन तर बोलून गेला की स्वाभिमानी पशुपालकाने गाय गोळी घालून पुरली असती आणि तोंड बंद ठेवलं असतं. लोकांनी त्याला शिव्या दिल्या. पण सगळी व्यवस्था शेतकऱ्याला नेमकं हेच शिकवत होती, तो फक्त मोठ्याने बोलला.

आता पहिला प्रकार, "खा अजून गाय"वाला. बाबा रे, ब्रिटनमध्ये या रोगाने गेलेल्यांत एक विशीतली मुलगी होती, ती १९८५ पासून शाकाहारी होती. काहींना रोग रक्तातून आला. मार्च १९९६ च्या बंदीत सुरुवातीला जिलेटिनसुद्धा होतं, आणि तू सकाळी गिळलेली कॅप्सूल कशाची होती ते एकदा बघ. ऑफिसातल्या एकाचे काका १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये डॉक्टर होते, पुढे अमेरिकेत गेले. श्रीखंड-पुरीवर वाढलेला माणूस, अंड्यालाही हात न लावणारा. पण १९८० ते १९९६ मध्ये तीन महिने ब्रिटनमध्ये राहिलेल्याचं रक्त अमेरिका घेत नसे. तो नियम २०२२ मध्ये उठला. असो.

शेवटचा किस्सा टेस्टिंगवाल्यांसाठी खास राखून ठेवलाय. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, एक रोगट गाय सापडली (मूळची कॅनडाचीच). जपानने अमेरिकन बीफ बंद केलं. जपान स्वतः तेव्हा प्रत्येक जनावर तपासत होता. कॅन्ससमधली क्रीकस्टोन फार्म्स ही कंपनी म्हणाली, ठीक आहे, आम्हीही आमचं प्रत्येक जनावर तपासतो, स्वतःच्या खर्चाने. लॅबही बांधली. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००४ मध्ये परवानगी नाकारली. होय, नाकारली! किटच विकत घेऊ देईनात, आणि आधार कसला, तर १९१३ चा जनावरांच्या लसींचा कायदा. युक्तिवाद असा की कोवळ्या जनावरात ही टेस्ट रोग पकडतच नाही, त्यामुळे लोकांना खोटी खात्री वाटेल. शास्त्र म्हणून हा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण मग पाकिटावर तेवढंच छापायला सांगा की! खरी अडचण अशी की एकाने तपासलं तर गिऱ्हाईक बाकीच्यांना विचारणार, "तुम्ही का नाही तपासत?" मोठ्या मांस कंपन्यांचा विरोध होता तो त्याला.

क्रीकस्टोन २००६ मध्ये कोर्टात गेली, २००७ मध्ये जिंकली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये अपिलात २ विरुद्ध १ मतांनी हरली. जपानने अमेरिकन बीफवरची वयाची शेवटची अट काढली ती मे २०१९ मध्ये, म्हणजे त्या एका गाईनंतर पंधरा वर्षांहून जास्त काळाने.