मागच्या सीटला टेकू हवा?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या चिरंजीवांनी आईसाठी भेट आणली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती जड वस्तू त्याने दिवाणावर ठेवली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाटले, पोराने नवा मिक्सर आणला. कागद सोडला तर आत एक वाकवलेली, चकचकीत लोखंडी नळी आणि तिच्यावर काळ्या रेक्झीनची फुगीर गादी! मोटारसायकलच्या मागच्या सीटला लावायचा पाठटेकू. बाजारात त्याला बॅकरेस्ट म्हणतात.

"आई, आता बिनधास्त मागे बस. पडायची भीतीच नाही," चिरंजीव म्हणाले.

त्यावर घरात क्षणभर कुणीच काही बोलले नाही. कारण आमच्याकडे 'पडणे' या शब्दाला इतिहास आहे.

सासवड ही माझी सासुरवाडी. पुण्याहून जेमतेम तीस किलोमीटर, मध्ये दिवे घाट. १९९८च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तिकडून मोटारसायकलवर डबलसीट परत येत होतो. ही साडीत, म्हणजे अर्थातच एका बाजूला पाय सोडून बसलेली. मांडीवर पुरंदरच्या सीताफळांची पिशवी. ती पिचकू नयेत म्हणून दोन्ही हातांनी जपलेली. घाट उतरलो, वडकी मागे पडली आणि पुढे रस्त्यात एक गतिरोधक अचानक समोर आला. त्याच्यावर ना पांढरे पट्टे, ना आधी पाटी. गाडी उडाली. मी कसाबसा तोल सावरला आणि सवयीने पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर पिळला. पाच-पंचवीस पावले गेल्यावर गाडी हलकी वाटली, म्हणून मागे वळून पाहिले. सीट रिकामी होती.

डावे मनगट मोडले, कपाळाला चार टाके पडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. हेल्मेट तिच्या डोक्यावर नव्हते आणि माझ्याही नव्हते. एवढ्यावर निभावले, ही देवाची कृपा. पण त्यानंतर ही मोटारसायकलवर बसली ती नाइलाजाने आणि जवळच्या अंतरापुरती. सासवडला आम्ही एसटीने जाऊ लागलो.

त्यामुळे चिरंजीवांच्या त्या भेटीपुढे मी अनेक दिवस एकाच प्रश्नात अडकलो. त्या दिवशी असा टेकू असता, तर ही पडली असती का? मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने काढावे असे ठरवले.

पाठटेकू एकाच दिशेचे काम करतो. मागे जाणारे अंग तो अडवतो. समजा, साठ किलो वजनाचा माणूस मागे बसला आहे आणि गाडीने उभ्या जागेवरून चार सेकंदांत ताशी चाळीसचा वेग घेतला. त्या माणसाला साधारण सतरा किलोच्या भाराइतका रेटा मागे लागतो. हात मोकळे असतील, पाय फूटरेस्टवर असतील तर निरोगी माणूस तो सहज पेलतो. पण हातात सामान असेल, वय झाले असेल, तर टेकू मोलाचा ठरतो. चढावर तर वजन सतत मागे ओढले जाते, तिथे त्याचे सुख विचारू नये.

आता उलट बाजू पाहा. तीच गाडी ताशी चाळीसवरून दोन सेकंदांत थांबवली, तर रेटा दुप्पट, म्हणजे चौतीस किलोच्या आसपास, आणि तो पुढच्या दिशेने! तिथे मागचा टेकू काय करणार? रस्त्यावरचे खरे संकट बहुधा करकचून ब्रेक दाबण्याच्या रूपातच येते. खड्ड्यात वा गतिरोधकावर माणूस वर उडतो, तेव्हाही टेकू त्याला खाली धरून ठेवत नाही. मोटारीतला पट्टा माणसाला बांधून ठेवतो. टेकू फक्त पाठीमागे उभा असतो. दोघांची गल्लत करता कामा नये.

आणि एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचे काय? आपल्याकडे मागच्या सीटवर बसणाऱ्यांत अशा बायकांची संख्या थोडी नाही. त्यांची पाठ टेकूकडे नसतेच. ती असते उजवीकडे, जिथून मागची वाहने ओलांडून जातात त्या बाजूला. टेकू येतो डाव्या हाताला. दंडाला लागला तर अडसर, कमरेला लागला तर थोडा आधार. म्हणजे ज्या वस्तूचे नावच पाठटेकू, ती या बाईच्या पाठीपर्यंत पोचतच नाही. १९९८ साली तो असता तर हिची कंबर कदाचित त्याला अडली असती. पण दोन्ही हात सीताफळांत गुंतलेले असताना ती पुढच्या बाजूने घसरली नसती, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हिशेब झाला, पण अनुभव हवा. एका रविवारी चिरंजीवांना म्हटले, "तू चालव, मी मागे बसतो. सासवडला जाऊन येऊ."

पहिली अडचण बसतानाच आली. टेकू उंच, त्यामुळे पाय मागून फिरवून बसायची सोयच उरली नाही. चिरंजीव आणि टेकू यांच्या मधल्या फटीतून गुडघा छातीशी आणत कसाबसा आत शिरलो. माझ्या वयाच्या माणसाने आरोहणाचे हे आसन रोज करणे कठीण. पण एकदा बसल्यावर मात्र, खोटे कशाला बोलू, राजेशाही वाटले. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसत होता, पाठ टेकलेली, कंबर शांत. एरवी सासवड येईपर्यंत पाठीचा कणा बोलू लागतो. त्या दिवशी तो मुकाट होता.

परतीला घाट उतरताना चित्र पालटले. प्रत्येक वळणावर मी पुढे घसरून चिरंजीवांच्या पाठीवर आदळत होतो आणि टेकू मागे नुसता शोभेला उरला होता. शिवाय मी मागे रेलून बसलो की सगळे वजन मागच्या चाकावर जाते. "बाबा, पुढे सरका, हँडल हलकं लागतंय," असे त्याने दोनदा सांगितले. तिसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. हडपसरच्या अलीकडे सरळ रस्त्यावर माझा डोळा लागला. पाठ टेकली, वारा लागला आणि मान कलंडली. एका धक्क्याने जागा झालो तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते. टेकूने मला पडू दिले नाही असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, टेकूनेच मला झोपवले.

घरी येऊन मी गाडी नीट पाहिली आणि चाट पडलो. टेकूचा एक नट दोन आटे सैल झाला होता. आणि मागे बसणाऱ्याने धरायचे हँडल कुठे होते? टेकू बसवायला जागा हवी म्हणून गॅरेजवाल्याने ते काढून टाकले होते! साडीगार्ड तर गाडी घेतली त्याच महिन्यात 'लूक' बिघडतो म्हणून चिरंजीवांनी माळ्यावर टाकले होते.

वाचकहो, माझा मुद्दा इथेच आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मोटारसायकलला तीन गोष्टी असल्याच पाहिजेत असे सांगतो: मागे बसणाऱ्याला धरायला कायमचे हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे आवरण. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२८वे कलम मागे एकालाच बसवण्याची मुभा देते, तेही पक्क्या बसवलेल्या सीटवर. १२९वे कलम चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगते. या सगळ्यात पाठटेकू कुठेच नाही. आम्ही मात्र हँडल काढले, साडीगार्ड काढले, हेल्मेटचा विषय काढला नाही आणि टेकू लावून म्हणालो, पडायची भीतीच नाही!

ही भीती किती खरी आहे ते आकडे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती, वेग त्यांनी ठरवला नव्हता. त्यांच्यात कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची कॉलेजात जाणारी लेक असणार.

मग टेकू फेकून द्यावा का? तसेही माझे म्हणणे नाही. बजाजच्या अ‍ॅव्हेंजरसारख्या ऐसपैस गाड्यांना तो कंपनीच बसवत आली आहे. परदेशात होंडाच्या गोल्डविंगला मागे चक्क खुर्चीसारखी पाठ असते. पण तिथे गाडीची लांबी, वजन आणि सांगाडा यांचा विचार आधी झालेला असतो. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर मडगार्डच्या पातळ पत्र्याला वेल्डिंग करून बसवलेला टेकू ही वेगळी गोष्ट. त्याला सांगाड्याच्या बोल्टचाच आधार हवा, कडा बोथट हव्यात, नट अधूनमधून तपासायला हवेत आणि कंपनीचे हँडल जागेवर राहिले पाहिजे. ते राहत नसेल तर टेकू नको. ज्याची कंबर दुखते, ज्याला लांब जायचे आहे आणि जो दोन्हीकडे पाय टाकून बसतो, त्याच्या पैशाचे चीज होईल. लहान मुलाला मात्र त्याच्या भरवशावर मागे बसवू नये. ती उंची मोठ्या माणसासाठी असते. चार वर्षांखालच्या मुलाला तर चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि हेल्मेट २०२३च्या फेब्रुवारीपासून बंधनकारक आहे आणि वेगाला ताशी चाळीसची मर्यादा.

तात्पर्य, टेकू ही आरामाची वस्तू आहे, सुरक्षिततेची नव्हे. सुरक्षितता असलीच तर ती पुढे बसलेल्याच्या उजव्या मनगटात असते. हे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. इतकी वर्षे मी त्या अपघाताची गोष्ट "हिने धरलं नव्हतं" अशीच सांगत आलो. पाहुण्यांना सांगितली, नातेवाइकांना सांगितली. तीही ऐकून घेत असे. पण त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत घर गाठायचे म्हणून मी गाडी दामटली होती आणि गतिरोधक दिसला तेव्हा तिला एक शब्द बोललो नाही, हे मी कुणालाच सांगितले नव्हते. परवा चिरंजीवांसमोर सांगितले.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं हो. मागे बसणाऱ्याला वेग कळतो."

पुढचा निर्णय तिनेच दिला. हँडल आधी परत लागेल, मग जागा उरली तर टेकू. साडीगार्ड माळ्यावरून खाली येईल. सामान मांडीवर नाही, डिकीत. दोघांना हेल्मेट. ती पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसेल. या वयात लोक काय म्हणतील याची चिंता लोकांनी करावी. आणि शेवटची अट माझ्यासाठी: गतिरोधक किंवा खड्डा आला की आधी सांगायचे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे सासवडला जाऊन आलो. टेकूही होता, गॅरेजवाल्याकडून सांगाड्याला नीट बसवून घेतलेला. चढावर तिला आवडला म्हणाली. वडकीच्या पुढे आलो तेव्हा मी वेग कमी केला आणि मोठ्याने म्हटले, "आला गं."

मागून उत्तर आले, "धरलंय."