खुराक उतरवायला कुणी शिकवलंच नाही

मंडळी, परवा जुन्या पैलवानांच्या सत्काराला गेलो होतो. स्टेजवर आम्ही सात-आठ जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. फेटा, शाल, नारळ आणि वर कुंद्याचा एकेक डबा. त्यातल्या चौघांना शुगर आहे हे मला पक्कं ठाऊक. एकाच्या पायाची दोन बोटं गेल्या वर्षी काढलीत, काठी टेकत आला होता. त्यालाही डबा दिला, आणि त्यानं हसत घेतला. रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

आमच्या वेळी बेळगावात तालीम म्हटली की खुराक आलाच. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी मातीत लढती. दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध, वाटलेले बदाम, तूप, मटण. नुसत्या दुधाच्याच दोन हजारांवर कॅलरी होतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ते जिरत होतं. वस्ताद रोज विचारायचे, "खुराक किती?" १९७६ साली बँकेत लागलो, कुस्ती सुटली, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. दिवसभर खुर्चीत बसून कर्जाची प्रकरणं बघायची आणि ताट मात्र पैलवानाचं!

रिटायर झालो तेव्हा वजन ९७ किलो, कंबर ४३ इंच. आपल्याकडच्या पुरुषांना कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच सांगतात. लोक म्हणायचे, "साहेब, तब्येत राखलीय!" आणि मला ते खरं वाटायचं. पोटाच्या आत, यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. त्याला मी जुनी ताकद समजत होतो.

ब्रिटनमध्ये ३०६ मधुमेही लोकांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरीचा आहार दिला. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय आटोक्यात होती. ते काही पैलवान नव्हते, आणि मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हेही सांगायला हवं. पण वजन उतरलं की साखर उतरू शकते, एवढं मला पुरलं.

मी तेवढं कडक केलं नाही, तुम्हीही आपल्या मनानं करू नका. गोळ्या चालू असताना एकदम जेवण तोडलं तर साखर खाली जाऊन माणूस कोसळतो. डॉक्टरांना विचारून आधी गोळ्यांचं बघितलं. मग रात्रीचा भात बंद, तूप चमचाभर, दूध एक कप. डाळ, अंडी, ताक ठेवलं, आणि थोड्या बैठकाही, कारण नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. पहिले दोन महिने फार चिडचिड झाली, हिला विचारा. दीड वर्षात ८४ किलोवर आलो. कंबर अजून ३८ आहे.

माझं म्हणणं एवढंच, की तालमीत खुराक चढवायला शिकवतात तसा कुस्ती सुटल्यावर उतरवायलाही शिकवावा. पोरगं आखाडा सोडतं त्याच दिवशी वस्तादानं बसवून सांगावं, उद्यापासून दूध निम्मं. त्याचं ऐकतील, डॉक्टरचं नाही ऐकत. आणि सत्कारात कुंद्याऐवजी दारातच टेप आणि शुगरचं मशीन ठेवा. पुढच्या वर्षी कमिटीत मला घेतलंय, तेव्हा हा विषय मी काढणार. शिव्या खाईन, चालेल.

माझा डबा अजून फ्रिजमध्ये आहे. ही रोज विचारते, याचं काय करायचं?