पाच गाठींची गोधडी



दिवाळी झाली की आमच्या हजीऱ्यात घरोघरी रजया गच्चीवर येतात. ग्वाल्हेरची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. यंदा रजया काढताना पेटीच्या तळाशी सासूबाईंचं एक बोचकं सापडलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बोचक्यात पाच पुडकी होती. प्रत्येक पुडकं लुगड्याच्या काठाच्या पट्टीने करकचून बांधलेलं. आत साधारण सहा-सहा इंचांचे चौकोनी तुकडे. गोधडीचीच तयारी होती, पण कुठला तुकडा कुठे लावायचा याचा पत्ता नाही.

अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायकांमध्ये एक खेळ चालतो म्हणे. दर महिन्याला गोधडीच्या एकाच भागाची कृती मिळते, आणि पुरी नक्षी शेवटी कळते. त्याला ‘मिस्ट्री क्विल्ट’ म्हणतात. इथे तर कृती सांगणारं माणूसच उरलेलं नव्हतं.

सुनेला सातवा महिना लागला होता. बाळासाठी ही गोधडी पुरी करू, असं मी ठरवलं. गाठी सुटेनात म्हणून कात्री घेऊन तीन पुडकी कापली आणि सगळे तुकडे सतरंजीवर ओतले. लालाशेजारी पिवळा, निळ्याशेजारी पांढरा, असे चार दिवस मांडून पाहिले. नक्षी काही जमेना. शिवाय तुकड्यांच्या कडांचे धागे निघालेले. ‘सासूबाईंचं काम किती नीटस असायचं, आणि हे काय?’ असं मी चक्क बोलूनही गेले.

डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या दिवसांत, माझ्या नणंदबाई आल्या. तानसेनाची समाधी आमच्यापासून जवळच, त्यामुळे त्या दिवसांत पाहुणे हमखास असतात. वन्संनी उरलेली दोन पुडकी हातात घेतली आणि पट्टीवर बोटं फिरवली.

“वहिनी, या पट्टीला चार गाठी आहेत आणि हिला पाच. तू कापलेल्या पट्ट्या कुठायत?”

पट्ट्या केरात गेल्या होत्या.

“अगं, शेवटी आईला दिसत कुठे होतं? हाताला कळावं म्हणून गाठी मारल्यात तिने. आता डोळे मीट आणि तुकडे हातात घे.”

डोळे मिटले आणि चार दिवसांचं कोडं सुटलं. आम्ही रंग जुळवत होतो, सासूबाईंनी पोत लावले होते. जाड, खरबरीत ड्रिलचे तुकडे वेगळे केले, ते बत्तीस भरले. त्याहून मऊ पॉपलिनचे चोवीस. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे सोळा. चार गाठींच्या पुडक्यात मलमलचे आठ. आणि पाच गाठींच्या पुडक्यात एकच तुकडा. बेरीज एक्क्याऐंशी. नऊ नवे एक्क्याऐंशी! मधोमध एक, त्याभोवती आठ, मग सोळा, मग चोवीस आणि सगळ्यात बाहेर बत्तीस. गोधडी आधी कडेला विरते, म्हणून जाड कापड कडेला. मऊ कापड मधे, अंगाला लागणारं.

ड्रिल आमच्या घरात कायमचंच. बिर्लांनी १९२१ मध्ये इथे जियाजीराव कॉटन मिल सुरू केली, आणि हजीरा-बिर्लानगरच्या कितीतरी घरांची चूल तिच्या भोंग्यावर चालली. सासरे मागावर होते. कापड ताण्या-बाण्याचं असतं; काठाला चीर देऊन ओढलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, हे सासूबाईंना त्यांच्याकडूनच कळलेलं.

ते आठवलं आणि मी गप्प झाले. तुकडे कापलेले नव्हतेच, फाडलेले होते. म्हणून धागे निघत होते. नजर गेल्यावर सासूबाई हात कापून घेतील या भीतीने कात्री मीच कपाटावर लपवली होती. “आता तुम्ही काही करू नका, नुसत्या बसून राहा,” असं म्हणाले होते. त्यांनी कात्री एकदाही मागितली नाही. दुपारी आम्ही झोपल्यावर त्या काय करत होत्या, ते मला आता कळलं.

पुढचं काम वन्संनी आणि मी मिळून केलं. खाली जुनं लुगडं घडी करून, मधे आणखी एक थर, वर तुकडे. फाटक्या कडा आत दुमडत आधी कच्चे टाके घातले, मग कोपऱ्यापासून धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. कडेने एक फेरा पुरा झाला की आतला फेरा, असं मध्याकडे यायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची ‘कवंदी’ अशीच कडेपासून आत शिवत नेतात. कापड हाताने सारखं करत पुढे सरकायचं, नाहीतर मधे झोळ येतो. आम्हाला पाच आठवडे लागले. शेजारच्या काकू रोज येऊन विचारायच्या, “कथरी बन गई?”

शेवटचा, मधला तुकडा मी उन्हात नेऊन पाहिला. पिवळट पांढरा, अगदी विरलेला, कडेला बंदाची खूण. झबल्याचा होता. सासूबाईंनी शिवलेलं ते झबलं वन्संनी घातलं, मग माझ्या नवऱ्याने, मग माझ्या मुलाने. आता त्याच मुलाचं बाळ येणार होतं. तो तुकडा लावण्याआधी वन्संनी खाली चिमूटभर तांदूळ ठेवले. “गोधडी उपाशी ठेवू नये, आई म्हणायची.”

संक्रांतीनंतर गोधडी सुनेकडे पोचली. रंग म्हणाल तर काहीच्या काही आहेत. खाकीशेजारी डाळिंबी, डाळिंबीशेजारी हिरवा. फोटोत पाहून सून म्हणाली होती, “आई, जरा विचित्र दिसतेय ना?” गोधडी हातात आल्यावर तिचा फोन आला, तेव्हा रंगाबद्दल काही बोलली नाही.

तुमच्याही पेटीत असं एखादं बोचकं असेल. उघडताना गाठी कापू नका, सोडवा. आणि घरात कुणाची नजर अधू झाली असेल, तर त्यांच्या हाताला काम राहू द्या. कात्रीची भीती वाटली, तर शेजारी बसा.