गल्ला, क्यूआर कोड आणि जीएसटी : नगरच्या छोट्या दुकानदारांनी काय समजून घ्यावं?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हावेरीत एका भाजीवाल्याला जवळपास २९ लाखांची जीएसटी नोटीस आली. त्याच्या यूपीआय खात्यावर चार वर्षांत जमा झालेली रक्कम बघून खात्यानं हिशोब मांडला होता. भाजीवर मुळात कर नाही. बेंगळुरूच्या बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या यांनाही अशा नोटिसा गेल्या. ओरड झाली, तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं, मात्र पुढे नोंदणी करा असंही बजावलं.

या बातमीनंतर अनेकांच्या मनात एकच विचार आला: क्यूआर कोड काढूनच टाकावा. आमच्या मते हा इलाज चुकीचा आहे. कायदा रोख आणि ऑनलाइन असा फरक करत नाही. दोन्ही मिळून विक्री मोजली जाते. घाबरण्यापेक्षा नियम समजून घेतलेले बरे.

आपल्याकडे जुनी मंडळी अजूनही ‘व्हॅट नंबर’ म्हणतात. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ पासून होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅट पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्या वस्तूंपुरता उरला. म्हणजे मुकुंदनगरच्या बेकरीला, झेंडीगेटच्या मटण दुकानाला, कापड बाजारातल्या दुकानदाराला आज जीएसटीचेच नियम लागू आहेत.

नोंदणी कधी? फक्त माल विकत असाल तर वर्षाची विक्री ४० लाखांच्या पुढे गेल्यावर. सेवा देत असाल तर २० लाखांच्या पुढे. इथे नफा नाही, विक्री धरतात. ४० लाख म्हणजे रोजचा साधारण ११ हजारांचा गल्ला. चालत्या दुकानाला हा आकडा काही लांब नाही.

आपली माणसं तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, गॅरेज. स्पेअर पार्ट १५ लाखांचे विकले आणि मजुरी १२ लाख झाली, तर ‘आपण ४० च्या आत आहोत’ असं वाटतं. पण मजुरी ही सेवा आहे. त्यामुळे मर्यादा २० लाखांचीच लागते आणि २७ लाखांवर नोंदणी घ्यावी लागते.

दुसरं, मटण-चिकनचं दुकान. सुटं ताजं मटण करमुक्त आहे, ईदचे जिवंत बकरेसुद्धा. फक्त तेवढंच विकत असाल तर विक्री कितीही असो, नोंदणी लागत नाही. पण ३८ लाखांच्या मटणासोबत ३ लाखांचे पॅकिंग केलेले कबाब विकले, तर बेरीज ४१ लाख धरली जाते. नोंदणी करावी लागते, कर मात्र त्या ३ लाखांवरच बसतो.

तिसरं, भंगार. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर १८ टक्के कर घेणाऱ्यानं स्वतः भरायचा आहे. पुढे त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून जातं. फेरीवाल्यांकडून माल घेणाऱ्यांनी याची खरेदीवही ठेवलीच पाहिजे.

कंपोझिशन घ्यावी का? दीड कोटीपर्यंत विक्री असलेल्या व्यापाऱ्याला आणि बेकरीसारख्या उत्पादकाला १ टक्का, हॉटेलला ५ टक्के, ५० लाखांपर्यंतच्या सेवेला ६ टक्के कर भरून मोकळं होता येतं. दर तिमाहीला एकदा कर भरायचा आणि वर्षाला एक रिटर्न. अटी अशा: गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, खरेदीवरचं क्रेडिट नाही, परराज्यात विक्री नाही. निवड ३१ मार्चच्या आत करावी लागते.

पण २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि हे गणित फिरलं. केक-बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. समजा, वर्षाला ६० लाखांची, करासह किमतीची विक्री आहे. पूर्वी त्यात सुमारे ९ लाख १५ हजार कर होता, आता सुमारे २ लाख ८५ हजार. कंपोझिशनमध्ये ६० हजार भरायचे, पण मैदा, तूप, पॅकिंगवर दिलेला कर बुडतो. हा बुडणारा कर सव्वादोन लाखांच्या खाली असेल तर कंपोझिशन स्वस्त, वर गेला तर नेहमीची नोंदणी परवडते. शिवाय माल नोंदणी असलेल्या दुकानांना देत असाल तर तुमच्या कंपोझिशनच्या बिलावर त्यांना क्रेडिट मिळत नाही, आणि ते दुसरीकडे वळू शकतात. म्हणून मार्च यायच्या आत आपल्या खरेदीची बिलं काढून एकदा बेरीज करा.

आजपासून काय करता येईल? दुकानाचा क्यूआर कोड वेगळ्या खात्याला जोडा. भिशी, उसने पैसे, भावानं पाठवलेली रक्कम सगळं एकाच खात्यात आलं की तेही विक्रीसारखं दिसतं. नोंदणी असेल तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरा, नाहीतर रोज २० रुपये विलंब शुल्क चढतं. विक्री असेल तर रोज ५०. नोटीस आली म्हणजे दंड झाला असं नाही. तो प्रश्न असतो, त्याचं उत्तर मुदतीत आणि कागदांसह द्यायचं असतं. आणि आधार, पॅन, लाइट बिल कुणालाही ‘नंबर काढायला’ देऊ नका. अशा कागदांवर बोगस फर्म निघतात आणि जबाबदारी गरिबाच्या दारात येते.

काही जण म्हणतात, आम्ही जकात देतो, मग कर कशाला? जकात इबादत आहे, तिची जागा वेगळी. बिलात गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपला नसतोच, ती अमानत आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. बारावी-पदवी झालेली मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर रोज रात्री दहा मिनिटं वही त्यांच्या हाती द्या. घराचा धंदा सांभाळण्याचं हे पहिलं शिक्षण आहे.