गाडीच्या दुरुस्तीचें पुस्तक कोणतें घ्यावें?

अंबरनाथ पश्चिमेकडून कल्याणच्या बाजारांत भाजीपाला नेणाऱ्या शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे कीं, बोलेरोच्या दुरुस्तीचें पुस्तक जाडी पाहून घेऊं नये. ही गाडी २००० सालीं निघाली. पुढें तिचें इंजिन अनेकदां बदललें, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्या तर निराळ्याच. सर्व्हे नंबर चुकला कीं सातबारा निरुपयोगी, हें आम्हीं नोकरींत जन्मभर पाहिलें. येथें चासीचा नंबर तोच सर्व्हे नंबर समजावा. एवढें कळत असूनही आम्हीं भलत्याच सालाचें पुस्तक आणिलें, त्यांतील मापानें हेडचे बोल्ट आवळविले. गास्केट गेलें व वांग्यांच्या पाट्या रस्त्यांतच सुकल्या. बोल्ट आवळण्याचें माप, त्यांचा क्रम व तारांचा नकाशा ज्यांत नाहीं, तें पुस्तक दुकानांतच राहूं द्यावें.