‘नार्निया’ भारतात कॉपीराइटमुक्त. मग गुटेनबर्गवर का नाही?

‘हॅरी पॉटर’ची फुकट पीडीएफ ग्रुपवर आली, तर ती चोरीची समजा. जे. के. रोलिंग यांच्या पुस्तकांवर कॉपीराइट आहे. मग शाळकरी मुलांना कायदेशीर आणि मोफत काय वाचता येईल?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ‘नार्निया’चे लेखक सी. एस. लुईस १९६३ मध्ये वारले. म्हणून १ जानेवारी २०२४ पासून ही मालिका भारतात मुक्त आहे. ‘हॉबिट’चे लेखक टोल्किन १९७३ मध्ये गेले, त्यासाठी २०३४ उजाडावं लागेल.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग मात्र अमेरिकी कायदा पाळतं. तिथे १९५० च्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो. त्यामुळे तिथे ‘नार्निया’ नाही. ‘ॲलिस’, ‘पीटर पॅन’, ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आहेत, तीही इंग्रजीत.

मराठी मुलांचं काय? चित्रांचे आणि आधीच्या भाषांतरांचे हक्क वेगळे असतात. पण लुईस यांच्या मूळ मजकुरावरून नवं मराठी भाषांतर करून ते भारतात मोफत द्यायला आता कॉपीराइटची आडकाठी नाही. कायद्यानं दार उघडलंय. आत जाणारा भाषांतरकार हवा.