विसरतात म्हणून शिक्का मारू नका, चाचणी करून घ्या

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं की आपल्याकडे दोनपैकी एक निकाल लागतो. ‘वय झालं, चालायचंच’ किंवा ‘डिमेन्शिया सुरू झाला, आता काय करणार!’ दोन्ही निकाल घरबसल्या दिलेले असतात आणि तिसरी शक्यता, म्हणजे नैराश्य, कुणाच्या मनातही येत नाही. म्हातारपणचं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. जेवणावरची वासना उडते, पहाटे तीनलाच जाग येते, भजनी मंडळ सुटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि ‘माझ्या काही लक्षातच राहत नाही’ ही तक्रार सुरू होते. मानसोपचारतज्ज्ञ एल. जी. किलोह यांनी १९६१ सालीच दाखवून दिलं होतं, की हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी अवस्था नैराश्यातूनही येऊ शकते. फरक ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण नैराश्यावर चांगले उपचार आहेत.

हा फरक ओळखायला स्मरणशक्तीची चाचणी मदत करते. माणूस किती विसरतो हे तर ती मोजतेच, पण तो कसा विसरतो हे त्याहून महत्त्वाचं असतं. ‘मोका’ या चाचणीत पाच शब्द ऐकवतात, मध्ये दुसरी कामं देतात आणि साधारण पाच मिनिटांनी ते शब्द विचारतात. आठवले नाहीत तर तपासणारा धागा देऊ शकतो: ‘एका फुलाचं नाव होतं’ किंवा ‘या तिघांपैकी कोणतं?’ नैराश्यातल्या माणसाला असा धागा मिळाला की शब्द बहुधा सापडतो. अल्झायमरच्या सुरुवातीला मात्र धागा देऊनही फारसा उपयोग होत नाही. कधी यादीत नसलेलाच शब्द ठामपणे सांगितला जातो. कपाटात ठेवलेली वस्तू पटकन हाताला न लागणं वेगळं आणि ती कपाटात ठेवलीच न जाणं वेगळं.

उत्तर देण्याची तऱ्हाही बोलकी असते. उदास माणूस प्रयत्न करण्याआधीच ‘नाही येत मला’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाच्या वाटेवरचा माणूस उत्तर देतो, पण चुकीचं, किंवा हसून वेळ मारून नेतो. तारीख विचारली तर ‘आता रिटायर झालो, तारखेचं काय काम?’ म्हणतो. पहिला आपल्या विसरण्याची तक्रार स्वतःच घेऊन येतो, दुसऱ्याची तक्रार बहुतेकदा घरचे करतात. नैराश्यातला विसराळूपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणवू लागतो आणि केव्हापासून ते घरच्यांना सांगता येतं. स्मृतिभ्रंश बहुधा इतका हळू येतो, की सुरुवात कुठून झाली हेच सापडत नाही.

हे वाचून घरीच परीक्षा घ्यायला बसू नका. ही सगळी लक्षणं कल दाखवतात, निदान करत नाहीत. दोन्ही आजार एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असतं. शिवाय गुण शिक्षणावरही अवलंबून असतात. जेमतेम दुसरी शिकलेल्या आजीला निरोगी असूनही कमी गुण पडतील, तर निवृत्त प्राध्यापक आजाराच्या सुरुवातीलाही ३० पैकी २७ मिळवतील. म्हणून चाचणी भाषा आणि शिक्षण लक्षात घेऊन, जाणकाराकडूनच व्हायला हवी. तिच्या जोडीला नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतात. ज्येष्ठांसाठी खास पंधरा प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची प्रश्नावली आहे.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना थोडी तयारी करा. चष्मा आणि कानाचं यंत्र बरोबर असू द्या. शब्द नीट ऐकूच आला नाही, तर आठवणार कुठून? चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. त्यांतल्या काही गोळ्या स्मरणशक्ती मंद करतात. थायरॉइड आणि बी-१२ या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि तिचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो. गेल्या काही महिन्यांतले प्रसंग लिहून ठेवा: लाइटबिल दोनदा भरलं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, हातखंडा असलेली पुरणपोळी जमेना. डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटं बोलायला मागा, म्हणजे आईवडिलांच्या तोंडावर त्यांच्या चुका वाचाव्या लागणार नाहीत. चाचणीच्या आधी उत्तरं मात्र पाठ करून घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एका चाचणीवर थांबू नका. नैराश्य आढळलं तर उपचार पूर्ण करा आणि मन सावरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, चाचणी पुन्हा करून घ्या. गुण वाढले तर विसरण्याचा बराच भाग नैराश्याचा होता असं समजायला आधार मिळतो. तेवढेच राहिले किंवा घसरले तर पुढच्या तपासण्या लागतील. आणि वाढले तरी दरवर्षी एकदा तपासणी चालू ठेवा.

‘आता जगून काय करायचं’ असं कुणी बोलू लागलं, तर म्हातारपणची कुरकुर समजून ते कानाआड करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, तरी लवकर झालेलं बरं. औषधं, बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र आणि पुढची देखभाल हे सगळं त्या माणसाला विचारून ठरवता येतं. आणि नैराश्य निघालं तर तुमचं माणूस पुन्हा माणसांत येऊ शकतं. तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या.